जुन्या लॅपटॉपवर एक्सपी पुन्हा टाकताना

सेकंडहँड लॅपटॉप घरी आला की हात शिवशिवतात. आधीच्या मालकाचा पसारा, टूलबारांची रांग, मुदत संपून युगं लोटलेला अँटिव्हायरस, सगळं पुसून 'फॉरमॅट मारावा' आणि कोऱ्या पाटीवर विंडोज टाकावी असं वाटतं. ती घाई दोन दिवस आवरा. एक्सपी म्हणजे विंडोजची एक जुनी आवृत्ती; तिचं इन्स्टॉलेशन साधारण तासाभराचं, आणि त्यातला बराचसा वेळ आपण नुसते पडद्याकडे बघत बसतो. काम असतं ते सीडी आत जाण्याआधी, आणि नवखा माणूस नेमकं तेच टाळतो.

मी टाळलं होतं. पहिला जुना लॅपटॉप घेतला त्याच संध्याकाळी डिस्क पुसली, एक्सपी टाकली, ती ओळखीची हिरवी टेकडी दिसली आणि खूश झालो. मग लक्षात आलं की वायफाय चालत नाही आणि लॅनही चालत नाही, कारण दोन्हींचे ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला तो तो भाग चालवायला शिकवणारे छोटे प्रोग्राम, नाहीत. ड्रायव्हर इंटरनेटवर, आणि इंटरनेटवर जायला ड्रायव्हर हवा. दुसऱ्या कॉम्प्युटरवर डाउनलोड करून पेन ड्राइव्ह लावला, तर एक्सपी विचारते, 'ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करू का?' पेन ड्राइव्ह एक्सफॅट या नव्या पद्धतीने फॉरमॅट केलेला होता आणि ताज्या एक्सपीला एक्सफॅट कळत नाही, हे मला कुठे माहीत! बोट 'येस'वर टेकलं होतं. दाबलं असतं तर त्यावरचे ड्रायव्हरही गेले असते आणि लग्नाचे फोटोही.

उदाहरणासाठी २००४ सालचा आयबीएम थिंकपॅड टी४२ डोळ्यांसमोर ठेवतो: पेंटियम एम प्रोसेसर, जास्तीत जास्त २ जीबी रॅम, आयडीई म्हणजे पाटा या जुन्या जोडणीच्या जातीची अडीच इंची हार्ड डिस्क. त्या काळातल्या दुसऱ्या कुठल्याही लॅपटॉपला यातलं बहुतेक सगळं लागू पडतं, बटणं तेवढी वेगळी.

कुठली विंडोज टाकायची?

लॅपटॉप नवा असताना त्याच्यावर जी विंडोज मिळायची ती. यात भावनेचा भाग कमी आणि ड्रायव्हरचा जास्त. कंपनीने त्या मॉडेलच्या ग्राफिक्स चिपसाठी, आवाजासाठी, वरच्या खास बटणांसाठी जे ड्रायव्हर लिहिले ते त्या काळच्या विंडोजसाठी लिहिले. लॅपटॉप उलटा करा, बुडाला विंडोजचं स्टिकर असेल. त्यावर काय छापलंय ते बघितलं की निम्मा प्रश्न सुटला.

साधारण हिशेब असा. १९९८ ते २००० च्या आसपासच्या यंत्राला विंडोज ९८ सेकंड एडिशन. २००१ च्या अखेरीपासून २००६ पर्यंतच्या यंत्राला एक्सपी. नव्या यंत्रावर ९८ टाकायची हौस असेल तर एवढं लक्षात ठेवा की ५१२ एमबीच्या वर रॅम गेली की ती गडबडायला लागते. जास्त रॅमवर ती अडखळते हे अनेकांना पचत नाही, पण तसंच आहे. उलट बाजूने, टी४२ वर विंडोज ७ टाकायचा मोहही होतो. सुरू होईल, पण त्या पिढीतल्या बऱ्याच ग्राफिक्स चिपसाठी ७ चे धड ड्रायव्हर निघालेच नाहीत, आणि मग खिडकी सरकवली की ती पाण्यात ओढल्यासारखी मागून येते.

एक्सपी आली २५ ऑक्टोबर २००१ ला. कागदावर तिला २३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि ६४ एमबी रॅम पुरते. ते कागदावरच राहू द्या. सर्व्हिस पॅक ३ (मायक्रोसॉफ्टने एकत्र करून दिलेल्या सुधारणांचा गठ्ठा) सकट ती सुखाने चालवायची तर ५१२ एमबी हवी, १ जीबी असेल तर उत्तम. सर्व्हिस पॅक ३ हा २००८ चा, आणि टाकायचा तर तोच. पहिल्या मूळ एक्सपीला १३७ जीबीच्या पुढची डिस्क नीट दिसत नाही, यूएसबी २ चे ड्रायव्हर तिच्यात नाहीत, वायफायची डब्ल्यूपीए२ सुरक्षा कळत नाही. जुनी सीडी असली तरी तिच्यात सर्व्हिस पॅक मिसळून नवी सीडी करता येते, त्याबद्दल पुढे.

आधी यंत्र बघा

चालू करा आणि लगेच बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंगांत, शिरा. थिंकपॅडला एफ१, इतरांना बहुधा एफ२ किंवा एफ१०. तिथे पासवर्ड मागितला तर थांबा आणि विक्रेत्याला विचारा. मदरबोर्डवरचा छोटा सेल काढून ठेवला की पासवर्ड जातो ही डेस्कटॉपच्या जमान्यातली समजूत. थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये असतो आणि सेल काढून तो हलत नाही. शक्य असेल तर ही तपासणी लॅपटॉप विकत घेण्याआधीच उरका.

बायोसमधली तारीख बघा. वीस वर्षं मागे गेली असेल तर आतला नाण्याएवढा सेल संपलाय. लॅपटॉपमध्ये तो बहुधा सीआर२०३२ च असतो, पण प्लास्टिकच्या वेष्टणात, दोन वायरी आणि एक छोटं कनेक्टर लावून. बदलला तर छान. तूर्त नाही बदलला तरी इन्स्टॉल करायच्या दिवशी तारीख हाताने बरोबर करा, नाहीतर फायलींवर भलत्या तारखा पडतात आणि सुरक्षित वेबसाइटी प्रमाणपत्राच्या नावाने कुरकुर करतात.

मुख्य बॅटरी फुगलेली दिसली, किंवा लॅपटॉप टेबलावर ठेवल्यावर डुगडुगला, तर ती बॅटरी काढून बाजूला ठेवा आणि परत लावू नका. चार्जरवर थेट काम चालतं. बायोस अपडेट करायचा असेल तर मात्र थिंकपॅड चांगली चार्ज असलेली बॅटरी मागतो, आणि ते योग्यच आहे. मध्येच वीज गेली तर लॅपटॉपची वीट होते.

रॅमची तपासणी लोक वगळतात. मेमटेस्ट८६+ ची सीडी करा, रात्री लावून द्या, सकाळी एकही लाल ओळ नसेल तर पुढे. सदोष रॅम स्वतःचं नाव कधी सांगत नाही. इन्स्टॉल करताना 'अमुक फाइल कॉपी होत नाही' असं ती दुसऱ्याच तोंडून बोलते, आणि आपण सीडीला दोष देत बसतो.

आता डिस्क. टी४२ ची डिस्क काढणं लहान मुलालाही जमेल: खालचा एक स्क्रू सोडवायचा आणि बाजूने ट्रे ओढायचा. आयडीई-ते-यूएसबी केबलने ती आपल्या रोजच्या कॉम्प्युटरला जोडा. जोडताना एक बघा. अडीच इंची आयडीई डिस्कला ४४ पिना असतात आणि त्यांच्या शेजारी, थोडी जागा सोडून, आणखी ४. या चार जंपरच्या. कनेक्टर त्यांच्यावर चढवला तर सगळंच चार पिना सरकतं. जागा सोडलेली फट नखाने चाचपा, मग लावा. दाबून बसत नसेल तर जोर करू नका, पिना वाकतात.

डिस्कचा स्मार्ट अहवाल, म्हणजे ती स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, वाचा. रीअलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टरांपुढे (खराब निघालेल्या आणि संशयित जागांपुढे) शून्य असेल तर ठीक. आकडा असेल, किंवा डिस्क टकटक आवाज करत असेल, तर तिच्यावर नवं काही टाकू नका. काही केबली हा अहवाल पुढे पाठवतच नाहीत. तसं झालं तर कानावर विश्वास ठेवा. माझं मत विचाराल तर वीस वर्षांच्या डिस्कवर, ती कितीही शहाण्यासारखी वागत असली तरी, एक्सपी टाकूच नये. आयडीईमध्ये बसणारं एमसाटा अडॅप्टर आणि त्यात लावायची छोटी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली डिस्क, घ्या. लॅपटॉप गप्प होतो, गार राहतो, आणि २००४ साली त्याच्या मालकाने स्वप्नातही पाहिला नसेल इतका चटपटीत होतो.

पुसण्याआधी जपून ठेवा

जुन्या डिस्कवर बरेचदा एक लपलेला भाग असतो. कंपनीने त्यात मूळ विंडोज, सगळे ड्रायव्हर आणि पूर्ववत करायची सोय भरून ठेवलेली असते. त्या काळात अनेक लॅपटॉपबरोबर सीडी मिळतच नसे, हा भाग म्हणजेच सीडी. थिंकपॅडवर निळं 'अॅक्सेस आयबीएम' बटण दाबून तो उघडतो का बघा. उघडत असेल तर तुमचं नशीब चांगलं. तिथूनच लॅपटॉप कारखान्यातून आला होता तसा करता येईल, आणि या लेखातला बराच खटाटोप वाचेल.

तरीही संपूर्ण डिस्कची एक प्रत आधी काढा. लिनक्सवर डीडीरेस्क्यू हे काम नेटकं करतं आणि खराब सेक्टर आले तरी अडून बसत नाही. ४० किंवा ६० जीबीची डिस्क, कुठेही मावते. थिंकपॅडमध्ये लपलेला भाग प्रतीत यावा म्हणून बायोसच्या सिक्युरिटी विभागात 'प्रीडेस्कटॉप एरिया' आधी 'डिसेबल्ड' करावा लागतो, नाहीतर डिस्क स्वतःचा आकारच कमी सांगते आणि प्रत अपुरी निघते.

आणि हो, आधीच्या मालकाची पत्रं, फोटो, हिशेब दिसले तर उघडू नका. प्रतीतून हवा तो ड्रायव्हरांचा फोल्डर काढून घ्या. सी ड्राइव्हवर 'ड्रायव्हर्स' किंवा 'आयबीएमटूल्स' अशा नावाने तो सापडू शकतो. काम झालं की मालकाचा मजकूर पुसून टाका.

सीडी, प्रॉडक्ट की आणि ड्रायव्हर

सगळ्यात सोपा मार्ग कंपनीच्या रिकव्हरी सीडीचा. मोठ्या कंपन्यांच्या या सीड्या बायोसमधली खूण ओळखतात, त्यामुळे त्या ना प्रॉडक्ट की मागतात ना अॅक्टिव्हेशन. दुसरा मार्ग एक्सपीच्या सर्वसाधारण सीडीचा. इथे नवखा माणूस ठेचकाळतो ते कीवर. बुडाच्या स्टिकरवर २५ अक्षरांची की असते, ती ओईएम, म्हणजे यंत्राबरोबरच विकल्या गेलेल्या विंडोजच्या, जातीची. दुकानात सुट्या विकल्या जाणाऱ्या, म्हणजे रिटेल सीडीला ती चालत नाही. एक्सपीच्या होम आणि प्रोफेशनल या दोन आवृत्त्यांचंही तसंच. की तंतोतंत टाइप केली तरी 'इनव्हॅलिड' येत असेल तर आधी सीडीची जात तपासा. स्टिकर झिजलेलं असेल तर टॉर्च तिरपा धरून फोटो काढा आणि तो मोठा करा. ८ आणि बी, ० आणि क्यू यांत घोळ होतो. एक्सपीचा पाठिंबा संपला असला तरी ती फुकट झालेली नाही, तेव्हा कुठल्याशा कोपऱ्यातून उतरवलेली 'आधीच अॅक्टिव्हेट केलेली' प्रत टाकू नका. तिच्यात आणखी काय अॅक्टिव्हेट करून ठेवलंय ते तुम्हाला दिसणार नाही.

सर्व्हिस पॅक ३ सीडीत मिसळायला एनलाइट नावाचा छोटा प्रोग्राम आहे. सीडीतल्या फायली एका फोल्डरमध्ये घ्यायच्या, सर्व्हिस पॅक दाखवायचा, नवी प्रतिमा, म्हणजे सीडीवर राइट करायची एकच फाइल, करायची. याच प्रोग्रामने साटाचा, म्हणजे आयडीईनंतर आलेल्या डिस्कच्या जोडणीचा, ड्रायव्हरही मिसळता येतो. आपल्या टी४२ ला त्याची गरज नाही, पण २००६ नंतरच्या यंत्रांना आहे. एनलाइट विंडोजचे नको असलेले भाग कापायचीही सोय देतो. तिकडे जाऊ नका. दहा एमबी वाचवायला गेलात तर सहा महिन्यांनी प्रिंटर का चालत नाही याचा शोध घेत बसाल.

सीडी राइट करताना वेग कमीत कमी ठेवा आणि नंतर व्हेरिफाय करा. वीस वर्षांच्या ड्राइव्हची लेन्स मंद झालेली असते. सीडी-आर तिला वाचता येते, पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडी-आरडब्ल्यूवर ती बरेचदा चाचपडते. पेन ड्राइव्हवरून एक्सपी टाकता येत नाही असं नाही, पण तिचा इन्स्टॉलर त्यासाठी बनलेला नाही आणि त्यासाठी कराव्या लागणाऱ्या कसरती नवख्याच्या कामाच्या नाहीत. सीडी ड्राइव्ह मेलेला असेल तर यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह मागून आणा.

ड्रायव्हर आताच, दुसऱ्या कॉम्प्युटरवर गोळा करा: चिपसेट, ग्राफिक्स, आवाज, लॅन, वायफाय, टचपॅड, वीज आणि वरची बटणं. फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर ठेवा, आणि एक सीडीसुद्धा करा. दोन्हीकडे ठेवलेत म्हणून कोणी हसणार नाही.

बायोसमधली दोन मिनिटं

बूटच्या क्रमात, म्हणजे यंत्र आधी कशावरून सुरू व्हायचं त्या यादीत, सीडी वर आणा. टी४२ वर एफ१२ दाबून एका वेळेपुरतंही निवडता येतं. साटा डिस्क असलेलं यंत्र असेल तर साटाचं सेटिंग 'एएचसीआय'वरून 'कम्पॅटिबिलिटी' किंवा 'आयडीई'वर आणा, नाहीतर एक्सपीला डिस्क सापडत नाही आणि शेवटी '७बी' असलेला निळा पडदा येतो. एफ६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर देणं हा मूळ उपाय होता. फ्लॉपी ड्राइव्ह असलेला कोणी ओळखीचा असेल तर त्याला सांभाळून ठेवा.

एसएसडी घातली असेल तर आणखी एक पायरी. एक्सपी पहिलं पार्टिशन (डिस्कचा आखलेला भाग) ६३ व्या सेक्टरपासून सुरू करते आणि ते एसएसडीच्या आतल्या रचनेशी जुळत नाही. प्रत्येक लिहिण्याला दुप्पट मेहनत पडते. म्हणून जीपार्टेड या डिस्क विभागणाऱ्या लिनक्स प्रोग्राममध्ये आधीच १ एमआयबीवर सुरू होणारं, एक्सपी वापरते त्या एनटीएफएस पद्धतीचं पार्टिशन करून ठेवा, त्याला बूटचा झेंडा ('बूट फ्लॅग') लावा.

निळा पडदा, हा मुद्दामचा

'प्रेस एनी की टू बूट फ्रॉम सीडी' आलं की एक बटण दाबा. निळ्या पडद्यावर बराच वेळ खाली नावं सरकतात. त्या फायली नुसत्या मेमरीत चढत असतात, डिस्कला अजून कशाने हात लावलेला नाही. मग एंटर, परवान्याला एफ८, आणि पार्टिशनांची यादी समोर येते.

इथे हळू. डिस्क पूर्ण रिकामी करायची असेल तर पार्टिशनवर जाऊन डी, मग खात्रीसाठी एल. सगळी गेली की सी दाबून नवं करा आणि एनटीएफएस क्विक फॉरमॅट निवडा. जुनीच फिरती डिस्क वापरताय का? मग क्विक नको, पूर्ण फॉरमॅट करा; वेळ लागेल, पण खराब जागा आत्ताच कळेल. एसएसडीवर जीपार्टेडने पार्टिशन आधीच केलेलं असेल तर डी-बी काही दाबू नका. ते निवडायचं आणि शेवटचा पर्याय घ्यायचा, 'लीव्ह द करंट फाइल सिस्टिम इन्टॅक्ट'.

फायली कॉपी होतात आणि यंत्र स्वतः रीस्टार्ट होतं. आता सगळ्यांची विकेट घेणारी जागा. तोच मजकूर पुन्हा येतो, 'प्रेस एनी की'. या वेळी काही दाबायचं नाही. दाबलं तर सीडी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, आणि आपण तीच निळी पायरी दोनदा, तीनदा चढतो आणि सीडी बिघडली म्हणतो. हात मांडीवर ठेवा, पाच सेकंद जाऊ द्या.

मग रंगीत पडदा, डावीकडे '३९ मिनिटं'. ही मिनिटं घड्याळाची नाहीत. एसएसडीवर पंधरा-वीस मिनिटांत उरकतं, जुन्या डिस्कवर तासही लागेल. पण उठून जाऊ नका, ३३ च्या आसपास ती भाषा आणि प्रदेश विचारायला थांबते, मग नाव, की, अॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड, तारीख. नेटवर्कला 'टिपिकल'. शेवटी इंटरनेट जोडायला सांगते तिथे 'स्किप'.

कॉपी होताना एखादी फाइल अडली तर एंटर दाबून परत प्रयत्न करा. एस्केपने ती वगळू नका. वगळलेली फाइल पुढे कुठे नडेल सांगता येत नाही. वारंवार अडत असेल तर सीडी पुन्हा, कमी वेगात राइट करा. तरीही अडली तर तो मेमटेस्ट, जो तुम्ही टाळलात, तो आता करा.

ड्रायव्हर, क्रमाने

डेस्कटॉप येतो तो बेढब दिसतो. रंग कमी, अक्षरं फुगलेली. घाबरू नका. पहिला चिपसेटचा ड्रायव्हर टाका. तो यंत्राला स्वतःच्याच अवयवांची ओळख करून देतो, म्हणून तो आधी. रीस्टार्ट. मग ग्राफिक्स, मग आवाज, लॅन, वायफाय, शेवटी टचपॅड आणि वरची बटणं. प्रत्येकानंतर रीस्टार्ट करायला सांगितलं तर करा, पाच साठवून एकदम करू नका.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजमधल्या यंत्राच्या भागांच्या यादीत, एखादं पिवळं प्रश्नचिन्ह उरतंच. 'अननोन डिव्हाइस', बस, एवढंच म्हणतं. त्यावर डबल क्लिक करा, डिटेल्सच्या टॅबमध्ये गेलात की एक लांबलचक ओळ दिसते. तिच्यात 'व्हेन' नंतर चार खुणा असतात, त्या बनवणाऱ्याच्या. 'डेव्ह' नंतरच्या चार त्या वस्तूच्या. ८०८६ असेल तर इंटेल (त्यांनी आपल्या जुन्या गाजलेल्या प्रोसेसरचाच आकडा स्वतःला घेतला आहे), १००२ म्हणजे एटीआय, १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १६८सी म्हणजे अथेरॉस. ही जोडी शोधली की नेमका ड्रायव्हर सापडतो. 'ड्रायव्हर आपोआप शोधून देणाऱ्या' फुकट प्रोग्रामांच्या नादी लागू नका. ते एक ड्रायव्हर देतात आणि सोबत चार पाहुणे आणतात.

सगळं टाकलं, तरी रडतंय?

लॅपटॉप कारण नसताना संथ, गाणं अडखळतं, फाइल कॉपी करताना माउस उड्या मारतो? डिव्हाइस मॅनेजरमध्ये आयडीई कंट्रोलर उघडा, प्रायमरी चॅनेल, अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज. 'करंट ट्रान्सफर मोड'पुढे 'अल्ट्रा डीएमए मोड ५' असं काही दिसायला हवं. 'पीआयओ मोड' दिसलं तर तिथेच चोर. एक्सपीला डिस्ककडून पुन्हा पुन्हा चुका आल्या की ती वेग एकेक पायरी उतरवत शेवटी पीआयओवर येते, जिथे प्रत्येक बाइट प्रोसेसरला स्वतः उचलून न्यावा लागतो. आणि नंतर डिस्क सुधारली तरी ती आपणहून वर चढत नाही. उपाय सोपा आहे: तो चॅनेल अनइन्स्टॉल करा, रीस्टार्ट करा, विंडोज त्याला नव्याने ओळखून पुन्हा वरच्या वेगावर नेते. महिन्याभरात परत खाली आली तर कनेक्टर सैल आहे किंवा डिस्क जायला आली आहे.

पंखा सतत ओरडत असेल तर हे विंडोजचं दुखणं नव्हे. धूळ आणि वाळलेली थर्मल पेस्ट. तो वेगळ्या दिवसाचा उद्योग.

मराठी दिसायला हवी ना?

ताज्या एक्सपीवर देवनागरी मजकूर उघडला की चौकोन दिसतात, किंवा अक्षरं दिसतात पण मात्रा आणि वेलांट्या सुट्या होऊन बाजूला उभ्या राहतात, 'कि' मधली वेलांटी क च्या उजवीकडे. दोष फॉन्टचा नाही, अक्षरं जुळवणारा भागच बसवलेला नसतो. कंट्रोल पॅनेल, रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स, लँग्वेजेस हा टॅब. तिथे उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या आणि गुंतागुंतीच्या लिप्यांसाठीचा चौकोन आहे, ज्यात थाईचाही उल्लेख आहे. त्यावर खूण करा. एक्सपी सीडी मागेल, म्हणून ती ड्राइव्हमध्येच राहू द्या. रीस्टार्टनंतर 'मंगल' फॉन्ट अक्षरं नीट जुळवतो, आणि 'डिटेल्स'मधून मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड जोडला की लिहिताही येतं.

इंटरनेटवर किती जायचं

माझं उत्तर: जमेल तितकं कमी. एक्सपीला सुरक्षा अपडेट मिळणं ८ एप्रिल २०१४ ला थांबलं. तिच्यासोबत येणारं इंटरनेट एक्सप्लोरर ६ आजच्या बहुतेक वेबसाइटींशी हस्तांदोलनच करू शकत नाही, कारण त्यांची सुरक्षेची भाषा पुढे गेली. बँक, ईमेल, कुठलाही खरा पासवर्ड या यंत्रावर टाकू नका.

वायफाय जोडायचंच असेल तर टी४२ च्या काळातली बरीच कार्डं फक्त २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात, आणि राउटर नुसत्या डब्ल्यूपीए३ वर ठेवला असेल तर एक्सपी त्याला जोडू शकणार नाही. पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क डब्ल्यूपीए२ वर सुरू करा आणि हा लॅपटॉप तिथे ठेवा. घरातल्या नव्या विंडोजबरोबर फोल्डर शेअर करायला गेलात तर जुळणार नाही; फोल्डर शेअर करायच्या एसएमबी या भाषेची जी पहिली आवृत्ती एक्सपी बोलते ती नव्या विंडोजमध्ये बंद करून ठेवलेली असते. ती उघडू नका. फायली पेन ड्राइव्हने न्या-आणा, यंत्राच्या काळाला शोभतंही.

जुने गेम, जुना स्कॅनर ज्याचा ड्रायव्हर एक्सपीपुढे कधी निघाला नाही, पॅरलल पोर्टवरचा प्रिंटर, किंवा त्या सुंदर कीबोर्डवर नुसतं लिहिणं, यातल्या कशासाठीही इंटरनेट लागत नाही.

परत हे सगळं करायचं नसेल तर

ड्रायव्हर बसले, मराठी आली, सर्व काही मनासारखं झालं की लगेच, गेम आणि गाणी भरण्याआधी, डिस्क काढून तिची पुन्हा एक पूर्ण प्रत काढा. पुढच्या वेळी काही बिघडलं तर अर्ध्या तासात आजच्या स्थितीला येता येतं. मी त्या प्रतीसोबत एका चिठ्ठीवर तारीख, प्रॉडक्ट की, बायोसमधली बदललेली सेटिंगं आणि ड्रायव्हर टाकल्याचा क्रम लिहून ठेवतो, आणि ती चिठ्ठी डिस्कच्या ट्रेला चिकटवतो, म्हणजे पुढच्या वेळी स्क्रू सोडवला की पहिली तीच हातात येते.